खडेमीठ

शेफिल्डमध्ये सपाट असं काही नाही.
घर बघायला जायचं म्हणजे आधी धाप लागते,
मग किंमत कळते.

निषाद मिरजेचा, सतारमेकर गल्लीच्या मागचा.
तो रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि ऐकतो:
कुणाचा कुत्रा, कुणाचं भांडण,
भिंतीपलीकडचा टीव्ही कोणत्या पट्टीत.
खोल्या किती होत्या, हे त्याला घरी आल्यावर आठवतं.

मी बदल्यांच्या घरातली.
वडील वीज मंडळात. वस्ती आम्ही कधी निवडलीच नाही,
ती टाइप केलेल्या कागदावर यायची
क्वार्टरच्या नंबरासकट.
दर तीन वर्षांनी ट्रंकांवर नवा पत्ता रंगवायचा,
जुन्याच्याच अंगावर.
म्हणून मी पहिल्यांदा बघते
बसथांबा किती लांब आहे.
निघून जाता येईल ना, एवढंच.

सहा शनिवार गेले असे.
हिल्सबरोला ट्राम होती, दारात,
पण मॅच असली की आपल्याच गल्लीत आपण पाहुणे.
क्रुक्सला सगळं होतं. आमच्याकडे पैसे नव्हते.
हीलीतलं घर आवडलं, म्हणून रात्री अकराला
मुद्दाम परत जाऊन पाहिलं, तर
कोपऱ्यावरची तीन पोरं आम्हाला बघून गप्प झाली.
फक्त गप्प झाली.
परतताना आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही.
दुसऱ्या दिवशी बोललो, पुष्कळ,
आणि ते त्या पोरांबद्दल नव्हतंच.

तो म्हणाला, तुला कुठेच राहायचं नाहीये.
मी म्हणाले, तुला मिरजेतच राहायचंय.
भात करपला.

आई फोनवर विचारते, आळी कशी आहे?
मी तिला चौरस फूट सांगते, कर्जाचा दर सांगते,
शाळांचे शेरेसुद्धा
(मूल नाही अजून, पण शेरे पाठ आहेत).
ती सगळं ऐकून घेते.
मग म्हणते, वाटीभर मीठ मागावं असं
एखादं दार आहे का गं शेजारी?

वॉकलीतलं घर सातव्या शनिवारी.
चढ असा, की छपरं जिन्यासारखी उतरत गेलेली.
एजंट घसा साफ करून म्हणाला, लीजहोल्ड आहे,
पण घाबरू नका, करार आठशे वर्षांचा,
अठराशे त्र्याण्णवपासून.
मी मनातल्या मनात वजाबाकी केली.
उरलेल्या वर्षांत माझ्या वडिलांच्या
सव्वादोनशेक बदल्या मावल्या असत्या.
आधी हसू आलं. मग का कोण जाणे
कठडा धरून जिन्यातच उभी राहिले,
एजंट घड्याळ बघेपर्यंत.

निषाद बाहेर होता, रस्त्यात, ऐकत.
शेजारच्या ओल्ड्रॉइडबाई
कचऱ्याचे डबे चढावर ओढत होत्या.
त्याने एक ओढून दिला.
त्यांनी आमचं नाव विचारलं नाही,
कुठले, तेही नाही.
म्हणाल्या, बर्फ पडायच्या आत गाडी खाली नेऊन ठेवायची,
वर ठेवलीत तर मार्चपर्यंत वरच.
आणि कोपऱ्यावरची ती पिवळी पेटी,
मीठ आहे त्यात, रस्त्यावर टाकायला.
सगळ्यांचं. लागेल तेवढं घ्या,
झाकण मात्र लावा.
फावडं माझ्याकडे आहे.

रात्री आईला सांगितलं:
मीठ आहे. पेटीभर.
खडेमीठ की बारीक?
खडेमीठ. जरा मातकट.
मग लोणच्याला चालेल, म्हणाली.
आई, ते खायचं नसतं.
तिला ऐकू गेलं नसावं.
ती कैऱ्यांचं प्रमाण सांगत राहिली,
आणि निषाद, हप्त्यांचा कागद उलटा करून,
मागच्या कोऱ्या बाजूवर
लिहून घेत होता.